आपल्या मालाचे नाव कोणाच्या नावावर?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या मालिकेत धम्म, संविधान, शिक्षण या विषयांवर जाणकार मंडळी बोलून गेली. आमच्याकडे कार्यवाहांनी 'ट्रेडमार्क' हा विषय सोपविला, तेव्हा विहारात हा बाजाराचा विषय कशाला, असे दोघातिघांनी विचारले. त्यांना आम्ही अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्ताची आठवण करून दिली. दीघजाणू नावाचा एक कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही मुलाबाळांत राहणारी, संसारी माणसे, आमच्या हिताचे काही सांगा. भगवंतांनी त्याला अरण्यात जाण्यास सांगितले नाही. चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे अंगमेहनतीने व कौशल्याने आपला धंदा करणे. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे घाम गाळून मिळविले ते राखणे. राजाने नेऊ नये, चोराने चोरू नये, आगीत व पुरात जाऊ नये, नावडत्या वारसांच्या हाती पडू नये, याची तजवीज करणे. पुढच्या दोन म्हणजे कल्याणमित्रता आणि समजीविता.

आपल्या समाजात उट्ठानसंपदेची वाण कधीच नव्हती. हात राबत होते, आजही राबतात. कमी पडतो तो आरक्खसंपदेत. घर, जागा, दागिना राखावा हे आपल्याला कळते. पण मालाचे नाव हीसुद्धा राखण्याची मिळकत आहे, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. आजचे बोलणे एवढ्यापुरतेच आहे.

नावाचे मोल आपल्याला इतरांपेक्षा अधिक का असावे, हे बाबासाहेबांच्या चरित्रातल्या एका लहानशा गोष्टीवरून ध्यानात येते. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली होती. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, सल्ला चांगलाच असणार. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. माल खोटा नव्हता. गिऱ्हाइकाने आडनाव पाहिले.

आज दुकानाच्या फळीवरच्या पुडक्याला आडनाव नसते. तिथे असतो तो मार्का, छाप, ज्याला आता सगळेच ब्रँड म्हणतात. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हातचा मसाला त्या छापामागून साऱ्या गावाच्या रश्शात जातो. हे चांगले की वाईट, आडनाव लपवून धंदा का करावा, असा वाद आपल्या तरुणांत होतो आणि तो व्हावाही. उलट बाजूनेही लोक उभे आहेत. मुंबईत एका कलावंताने 'चमार स्टुडिओ' असे उघड नाव घेऊन पिशव्या बाजारात आणल्या आणि त्या खपल्या. नाव झाकणारे असो वा छाती काढून सांगणारे असो, ते आपल्या मेहनतीने मोठे झालेले असते. मग ते कागदावर कोणाचे आहे?

बँकेच्या काउंटरवर आम्हाला रोज एक गैरसमज भेटतो. चालू खाते उघडण्यास आलेला माणूस शॉप ॲक्टचा गुमास्ता, उद्यमचा कागद, जीएसटीचा क्रमांक, खाण्याचा माल असेल तर अन्न परवाना, अशी चळत पुढे ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, नाव रजिस्टर आहे." तसे ते नसते. गुमास्ता म्हणजे तुम्ही त्या पत्त्यावर दुकान चालविता याची नोंद. जीएसटी म्हणजे कर भरण्याचा क्रमांक. उद्यम म्हणजे तुमचा उद्योग सूक्ष्म आहे की लघु, याची नोंद. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तरी कंपनीचे नाव आणि मालाच्या छापाचा हक्क या दोन वेगळ्या बाबी राहतात. यांपैकी कोणताही कागद दुसऱ्याला तुमचे नाव पुडक्यावर छापण्यापासून रोखत नाही. ते काम एकाच नोंदणीने होते, ती ट्रेडमार्कची.

कायदा नवा नाही. १९४० साली पहिला, १९५८ साली दुसरा, आणि सध्याचा १९९९ सालचा, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या नव्या कायद्याने सेवांनाही नोंदणी दिली. म्हणजे शिकवणी वर्ग, खानावळ, वाहतूक, ब्यूटी पार्लर यांचीही नावे नोंदता येऊ लागली. ट्रेडमार्क म्हणजे नुसते नाव नव्हे. अक्षरे, चित्र, आकडा, रंगांची मांडणी, वेष्टनाचा आकार, ज्याच्यामुळे गिऱ्हाईक तुमचा माल दुसऱ्याच्या मालातून ओळखते असे काहीही चालते. अट एकच, ते कागदावर दाखविता आले पाहिजे आणि त्याने माल वेगळा ओळखू आला पाहिजे.

आता आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण मंडळी आपल्यातलीच आहेत आणि धंदा चालू आहे. पती कारखान्यातून कमी झाले. पत्नीने घरी कांदा-लसूण मसाला करून विकण्यास सुरुवात केली. सासूबाईंना वस्तीत ज्या नावाने हाक मारीत तेच नाव मसाल्याला दिले. सुरुवातीला पिशवीत हाताने लिहिलेली चिठ्ठी, पुढे छापखान्यातून स्टिकर, पुढे आमच्याच शाखेत त्या नावाने चालू खाते आणि कांडप यंत्रासाठी मुद्रा कर्ज. सहा डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, जिल्ह्याची बचत गटांची प्रदर्शने, जिथे स्टॉल मिळेल तिथे ही बाई हजर. पाचसहा वर्षांत नावाला किंमत आली. मग एक वितरक आला. माल मी उचलतो, पुण्या-मुंबईकडे पोहोचवितो, तुम्ही फक्त बनवा, म्हणाला. गोड वाटले. मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम, त्या तीन महिन्यांत वर्षभराची कमाई. दोन हंगाम छान गेले.

तिसऱ्या हंगामाआधी वितरकाने भाव पाडून मागितला. बाईंनी नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, मसाला मी कुठूनही करून घेईन, नाव माझे आहे. त्याने त्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज स्वतःच्या नावाने केलेला होता. नोंदणी मिळाली नव्हती, नुसता अर्ज होता. पण अर्जाची पावती आणि नावाशेजारी 'टीएम' ही अक्षरे दाखवून त्याने दुकानदारांना सांगितले की या बाईंचा माल ठेवाल तर भानगडीत याल. दुकानदाराला अर्ज आणि नोंदणी यांतला फरक कुठून कळणार? त्याने पुडकी परत पाठविली. घरात सत्तर किलो मसाला पडून राहिला आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला आला.

त्या कुटुंबाला वाचविले ते त्यांच्या पुतणीने. कॉलेजात शिकणारी ही मुलगी संस्थेच्या अभ्यासिकेत बसत असे. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य नावाचा शोध घेता येतो. तिने तो घेतला. अर्ज दिसला, आणि तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्याची तारीखही दिसली. हे जर्नल दर सोमवारी निघते. अर्ज त्यात प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणालाही त्याला विरोध करता येतो. त्यानंतर ते दार बंद होते. त्या दिवशी साडेतीन महिने उलटले होते.

पंधरा दिवसांत पुरावे जमविले. येथे आमच्या खात्याचा थोडा उपयोग झाला हे सांगण्यास आनंद वाटतो. चालू खाते उघडल्याची तारीख व नाव बँकेच्या दफ्तरात होते. वितरकाची ओळख होण्याच्या पुष्कळ आधीचे. छापखान्याची स्टिकरची बिले, स्टॉलच्या भाड्याच्या पावत्या, एका प्रदर्शनाचा वर्तमानपत्रातला फोटो ज्यात फलक स्पष्ट दिसतो, एवढे निघाले. वकिलामार्फत विरोध दाखल झाला. ऑनलाइन भरला तर त्याची सरकारी फी एका वर्गासाठी २७०० रुपये आहे. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने उत्तर द्यावे लागते. न दिल्यास त्याने अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो. वितरकाने उत्तर दिले नाही. देणार काय? त्याच्याजवळ त्या नावाचा अर्जाआधीचा एक कागद नव्हता.

कुटुंबाने मग स्वतःचा अर्ज केला आणि नोंदणी मिळविली. पण तो उन्हाळा गेला तो गेलाच. पुण्याकडची दुकाने अजूनही त्या वितरकाकडेच आहेत. तो आता दुसऱ्या नावाने, पण त्याच लाल-पिवळ्या रंगाच्या पुडक्यात मसाला विकतो. कर्जाचे दोन हप्ते थकले त्याची नोंदही त्या बाईंच्या खात्यावर राहिली. जे काम सुरुवातीला साडेचार हजारांत झाले असते त्याला किती पडले याचा हिशेब तुम्हीच करा.

साडेचार हजार हा आकडा आम्ही अंदाजाने सांगत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गाची अर्जाची फी ऑनलाइन ४५०० रुपये व कागदी अर्जाला ५००० रुपये आहे. इतरांना याच्या दुप्पट. एकट्याच्या नावाचा धंदा असेल तर तो व्यक्ती म्हणूनच अर्ज करतो. भागीदारी किंवा कंपनी असेल तर लघुउद्योगाची सवलत घेण्यासाठी उद्यमचा कागद जोडावा. वकिलाची फी वेगळी, ती आधी विचारून घ्यावी. काही जण सरकारी फीसह एकच रक्कम सांगतात आणि त्यात काय काय आहे ते सांगत नाहीत.

महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला 'बौद्धिक संपदा भवन' येथे आहे. हे नाव ऐकून आपल्या एका ज्येष्ठ उपासकांना ते आपल्याच समाजाचे भवन वाटले होते! प्रत्यक्ष जाण्याची गरज आता सहसा पडत नाही, बहुतेक कामे घरबसल्या होतात.

'वर्ग' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण चूक बहुधा तिथेच होते. सर्व माल व सेवा ४५ वर्गांत वाटलेल्या आहेत; १ ते ३४ माल, ३५ ते ४५ सेवा. मसाला, चहा, पापड ३० मध्ये, लोणचे मात्र २९ मध्ये. अगरबत्ती ३, मेणबत्ती ४, पुस्तके व दिनदर्शिका १६, चामड्याच्या पिशव्या १८, कपडे आणि पादत्राणे २५, शिकवणी वर्ग ४१. चपला करणाऱ्याने १८ मध्ये अर्ज केला तर पैसे गेले आणि चपला उघड्याच राहिल्या. तुम्ही जे विकता, आणि नजीकच्या काळात खरोखर विकणार आहात, तेवढेच वर्ग घ्यावेत. नोंदणी मिळूनही पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरले नाही तर दुसरा कोणी ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो.

अर्जात एक रकाना असतो: हे नाव केव्हापासून वापरता? तिथे 'पुढे वापरणार' असे लिहून मोकळे होऊ नये. आधीपासून वापरत असाल तर तारीख द्यावी, तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावेत. भारताच्या कायद्यात आधी वापरणाऱ्याला फार मान आहे. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या प्रसिद्ध हलव्याच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीधारकापेक्षा वरचढ ठरतो. मग नोंदणीच कशाला, असे कोणी म्हणेल. कारण नोंदणी नसेल तर आधी वापर होता, नावाला लौकिक होता, लोक फसले, हे सारे तुम्हाला सिद्ध करीत बसावे लागते. नोंदणी असेल तर प्रमाणपत्रापासूनच बोलणे सुरू होते. शिवाय नोंदणीधारकाच्या नकली छापाबद्दल फौजदारी कारवाईही होऊ शकते; सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड असे कलम आहे.

अर्जानंतर कार्यालय तपासणी अहवाल पाठविते. त्यात हरकती असल्या तर महिन्याच्या आत उत्तर द्यायचे असते. पुष्कळ अर्ज इथे मरतात, कारण अहवाल ई-मेलवर येतो आणि ई-मेल दुकानातल्या जुन्या पोऱ्याचा दिलेला असतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि दर दहा वर्षांनी फी भरून कितीही वेळा वाढविता येते. नोंदणी होईपर्यंत 'टीएम' लिहावे. वर्तुळातले 'आर' हे अक्षर नोंदणी झाल्याशिवाय छापू नये, ते बेकायदेशीर आहे. छापखानेवाले डिझाइन चांगले दिसावे म्हणून ते घालून देतात, त्यांना काढावयास सांगावे.

आता नाव कोणते घ्यावे? येथे आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मालाचे वर्णन करणारा शब्द मिळत नाही. मसाल्याला 'झणझणीत', चपलेला 'मऊ', दुधाला 'शुद्ध', हे सगळ्यांचे शब्द आहेत, एकाला मक्ता कसा द्यावा? मराठीत लिहिले म्हणून सुटका होत नाही, कारण अर्थ कार्यालयाला द्यावाच लागतो. पण आपल्या समाजात खरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या दहा दुकानांच्या पाट्या पाहा. सुजाता, सिद्धार्थ, मिलिंद, नालंदा, तक्षशिला, रमाई, आणि पुनः सुजाता. ही नावे आपण प्रेमाने घेतो, पण जे नाव शंभर जणांनी घेतले त्याने माझा माल तुमच्या मालाहून वेगळा ओळखला जात नाही. सुजाता म्हटले की आज निम्म्या घरांत मिक्सर आठवतो.

त्याहून पुढची गोष्ट बुद्धाच्या नावाची. धार्मिक भावना दुखावील असे चिन्ह नोंदू नये असे कायद्याच्या नवव्या कलमातच आहे. 'रामायण' हे अगरबत्तीचे नाव स्वतःचे म्हणून नोंदविण्याचा प्रयत्न बिहारमधील एका व्यापाऱ्याने केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले की धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एका विक्रेत्याला असा मक्ता सांगता येणार नाही. ज्या तर्काने ते ठरले तोच तर्क 'त्रिपिटक' किंवा 'धम्मपद' या नावांना लागू होतो, असे आम्हाला वाटते. आणि हे चांगलेच आहे. 'धम्मपद' हे नाव उद्या एखाद्याने स्वतःच्या मेणबत्त्यांसाठी राखून ठेवलेले आपल्याला चालेल काय?

चक्राबद्दल तर सक्त मनाई आहे. राष्ट्रीय बोधचिन्हे व नावे यांचा गैरवापर रोखणारा १९५० सालचा कायदा आहे. तो झाला तेव्हा देशाचे कायदामंत्री बाबासाहेब होते. त्याच्या परिशिष्टात 'अशोक चक्र' व 'धर्म चक्र' हे शब्द आणि राष्ट्रध्वजावरील चक्राचे चित्र आहे. सरकारी परवानगीशिवाय धंद्यासाठी ते वापरताच येत नाही, नोंदणी तर दूरच. पाली रूप घेऊन 'धम्मचक्र' लिहिले म्हणून आपण सुटू, अशा भ्रमात राहू नये. आपल्या किती पिशव्यांवर, किती मसाल्यांवर हे चक्र छापलेले आहे, हे पुढच्या सहा डिसेंबरला जरा मोजून पाहा.

बाबासाहेबांच्या नावाबद्दल कायद्याचा आधार कमी आहे. हयात किंवा गेल्या वीस वर्षांत निधन पावलेल्या व्यक्तीचे नाव असेल तर निबंधक संमती मागू शकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ सालचे, त्यामुळे ते कलम येथे कामाला येत नाही. म्हणून ही राखण आपणच करावयाची आहे. पुस्तकावर, वाचनालयावर, वसतिगृहावर ते नाव शोभते. तंबाखूच्या पुडीवर किंवा चपलेच्या तळव्यावर ते आले तर कायद्याच्या कलमाची वाट कशाला पाहायची? मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत अशी एकाहून एक नवी नावे बाबासाहेबांनी आपल्या पत्रांना दिली. त्यांच्या अनुयायांना एका मसाल्याला नवे नाव सुचू नये?

आणि नाव सुचले की ते राखावे लागते, नुसते नोंदून भागत नाही. 'अमृतधारा' आपल्या घराघरांत असे. पोटात दुखले, डोके दुखले की दोन थेंब. ते औषध १९०१ पासूनचे, लाहोरचे. त्याच्यासारख्याच औषधाला एकाने 'लक्ष्मणधारा' असे नाव देऊन १९२३ पासून विक्री केली. पुढे लक्ष्मणधारावाल्याने नोंदणी मागितली तेव्हा अमृतधारावाल्यांनी विरोध केला. खटला सर्वोच्च न्यायालयात १९६२ साली निकाली निघाला. न्यायालय म्हणाले की दोन नावे शेजारी ठेवून अक्षरे ताडून पाहू नयेत. सामान्य बुद्धीच्या, पुसट आठवणीच्या गिऱ्हाइकाला काय वाटेल ते पाहावे, आणि त्या कसोटीला ही नावे सारखी आहेत. म्हणजे अमृतधारावाले जिंकले? पूर्ण नाही. इतकी वर्षे समोरच्याच्या जाहिराती दिसत असूनही ते गप्प राहिले, म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. देशभर पसरलेल्या नावाला एका प्रांतात वाटेकरी आला, तो गप्प बसल्यामुळे.

जे नाव एकाचे नसून अवघ्या कारागीर समाजाचे असते, त्याला वेगळी नोंदणी आहे, जीआय मानांकनाची. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन २०१९ साली मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. नोंदणी दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आपल्याकडे संत रोहिदास यांच्या नावाचे महामंडळ. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखविल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. महाराष्ट्रात संताप झाला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैत न्यायालयाने ती फेटाळली. चपला कोल्हापुरी नाहीत असे न्यायालय म्हणाले नाही. त्याचे म्हणणे असे की दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा आहे, आणि ते समोर आलेले नाहीत. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तोही याच दोन महामंडळांशी. पिढ्यान्‌पिढ्या चामडे कमावणारा, टाके घालणारा कारागीर या सगळ्यात कुठे होता? बोलणारा तोच ज्याचे नाव वहीत होते. महामंडळाने त्याच्यासाठी काय मिळविले, यावर आपल्या संघटनांनी लक्ष ठेवले पाहिजे, तो आजचा विषय नाही.

बचत गटांच्या भगिनींसाठी दोन शब्द. पाच-दहा गट एकच नाव वापरणार असतील तर 'सामूहिक चिन्ह' अशी नोंदणी कायद्यात आहे. ती संघाच्या नावाने होते आणि कोणी ते केव्हा वापरावे याचे नियम सोबत द्यावे लागतात. नियम आधी लिहिलेले बरे, भांडण नंतर होतेच. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली हे आपण ऐकलेले आहे. 'लिज्जत' हे नाव मात्र १९६२ साली ठरविले. माल आधी, नाव नंतर, हेही चालते. फक्त नाव ठरले की ते संस्थेचे आहे, कोणा एकीचे किंवा कोणा एकीच्या यजमानांचे नव्हे, हे कागदावर असावे.

यजमानांचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत असे वारंवार दिसते की राबते बाई आणि अर्जावर सही दिराची, कारण त्याला इंग्रजी येते. ट्रेडमार्क ही मिळकत आहे. ती विकता येते, भाड्याने देता येते, वारसाला जाते. ज्याचे नाव तिथे, त्याचीच ती. भगवंतांनी नावडत्या वारसांचा उल्लेख उगीच केला नव्हता.

विद्यार्थी मित्रांसाठी एक माहिती. ट्रेडमार्कचे अर्ज वकिलांशिवाय 'ट्रेडमार्क एजंट'ही करू शकतो. एकवीस वर्षे पूर्ण झालेला भारतीय नागरिक, कोणत्याही शाखेचा पदवीधर आणि त्या परीक्षेत उत्तीर्ण, एवढी पात्रता. कायद्याची पदवी लागत नाही. आमच्यासारख्या कला शाखेच्या मुलांनाही हे दार उघडे आहे. कायदा आणि नियम मिळून फार मोठा ग्रंथ नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तके वर्षानुवर्षे घोटणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी दोघांनी जरी ही परीक्षा दिली, तरी वस्तीतल्या मसालेवालीला, पिशवीवाल्याला, डीजेवाल्याला तालुक्याला हेलपाटे पडणार नाहीत.

तूर्त एवढे करता येईल. पुढच्या रविवारी वंदनेनंतर संस्थेच्या अभ्यासिकेत संगणक मोकळा ठेवण्याचे कार्यवाहांनी मान्य केले आहे. ज्यांचा काही धंदा आहे त्यांनी आपले नाव मराठीत व इंग्रजीत जसे पुडक्यावर लिहिता तसे लिहून आणावे, आणि सोबत सर्वांत जुने बिल, छापखान्याची पावती, खाते उघडल्याचा कागद, जे सापडेल ते. आधी शोध घेऊ. त्या नावाचा दुसऱ्या कोणाचा अर्ज जर्नलमध्ये आलेला असेल तर चार महिन्यांतले किती दिवस उरले ते पाहू, आणि मग पुढचे ठरवू.

जयभीम.